गाडी कापण्याआधी एअरबॅग मोजा

वर्दी येते : कार ट्रकच्या मागच्या बाजूला घुसली आहे, पुढचे दोघे अडकलेत. रेस्क्यू व्हॅन पोचते, टॉर्चचा झोत आत पडतो आणि स्टेअरिंगमधून लोंबणारी पांढरी पिशवी दिसते. कुणीतरी बोलून जातो, ‘‘एअरबॅग उघडलीय, आता टेन्शन नाही.’’ चुकीला इथूनच सुरुवात होते. लोंबणाऱ्या पिशवीने तिचं काम केलेलं असतं. धोका असतो तो त्याच गाडीत गप्प बसलेल्या बाकीच्या पिशव्यांचा, आणि आपण हायड्रॉलिक कटर घेऊन नेमके त्यांच्याच अंगावर जाणार असतो.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात १९९५ साली हे कॅमेऱ्यासमोर घडलं. जवान जखमी माणसाला सोडवत होते, तेवढ्यात न उघडलेली एअरबॅग उघडली आणि आत वाकलेले जवान मागे फेकले गेले. ते चित्रण पुढे अनेक देशांतल्या अग्निशमन प्रशिक्षणात दाखवलं गेलं. त्या काळी बहुतेक गाड्यांत फार तर दोन एअरबॅग असायच्या.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला, पण आला तो झपाट्याने. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची सक्ती नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून, आणि जुन्या मॉडेलना त्याच वर्षाच्या अखेरीपासून लागू झाली. सहा एअरबॅगची सक्ती झाली नाही, पण कंपन्या आपणहून तिकडे वळल्या. २०२५ पासून ऑल्टो के१० आणि वॅगन आर यांसारख्या छोट्या मारुतींतही सहा एअरबॅग मिळू लागल्या. सरावाला मात्र आपल्याला भंगारातली जुनी ओम्नी नाहीतर इंडिका मिळते. तिचा पत्रा कुठूनही कापला तरी काही होत नाही. हात त्या सवयीचे होतात आणि रस्त्यावर समोर सहा एअरबॅगची गाडी उभी असते.

पुढचं लेखन अग्निशमन दलाचे जवान, टोलनाक्यावरची बचाव पथकं आणि घाटात सर्वांआधी धावून जाणारे स्वयंसेवक यांच्यासाठी आहे. प्रत्यक्ष सरावाची जागा ते घेऊ शकत नाही. अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, गाडीवर हात ठेवूनच हे शिकायचं असतं.

पिशवीच्या मागे काय असतं

एअरबॅगमध्ये हवा भरणारा पंप नसतो. तिथे फटाक्यासारख्या स्फोटक दारूची एक छोटी कुपी असते, म्हणजे इन्फ्लेटर. कंट्रोल युनिटकडून विजेचा इशारा आला की आतलं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि पिशवी साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते. बाजूच्या एअरबॅग त्याहून लवकर उघडतात, कारण दार आणि माणूस यांच्यात अंतरच कमी असतं. पापणी मिटायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळे ‘उघडताना दिसली तर बाजूला होईन’ हा हिशेब कुणी करू नये.

छताच्या कडेला दडवलेल्या पडदा एअरबॅगची रचना बरेचदा वेगळी असते. तिच्या इन्फ्लेटरमध्ये आर्गॉन, हेलियमसारखा वायू शेकडो बार दाबाने आधीच भरून ठेवलेला असतो. सीएनजीच्या टाकीत साधारण २०० बार दाब असतो आणि तिला आपण किती जपतो! इथे तितक्याच किंवा त्याहून जास्त दाबाची नळी छताच्या अस्तरामागे, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. बॅटरी काढल्याने या नळीतला दाब जात नाही. तिच्यावर कटरची पाती मिटली तर विजेशिवायही ती फुटते आणि धातूचे तुकडे उडतात.

तिसरी गोष्ट दोन टप्प्यांच्या एअरबॅगची. पुढच्या अनेक एअरबॅगमध्ये दोन इन्फ्लेटर असतात. टक्कर हलकी असली तर एकच पेटतो आणि दुसरा तसाच जिवंत राहू शकतो. म्हणून लोंबणाऱ्या पिशवीच्या मधोमध तोंड किंवा हात नेऊ नका.

आणि सीटबेल्ट. बेल्ट क्षणात आवळणारा प्रिटेन्शनर हाही स्फोटक दारूवरच चालतो. तो बहुधा मधल्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबाच्या तळाशी असतो, काही गाड्यांत बकलच्या बाजूलाही असतो.

जाता जाता कोकणपट्टी आणि मुंबईसाठी एक गोष्ट. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटायचं. त्यातून जगातला सर्वात मोठा वाहन रिकॉल झाला, कंपनीने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडा, टोयोटा यांनी त्यापायी गाड्या परत बोलावल्या होत्या. सगळ्यांनी त्या नेऊन दाखवल्याच असतील, असं धरून चालू नका. जुनी गाडी आहे, एअरबॅग उघडलेली नाही, तर अंतर आणखी वाढवा.

पहिली दोन मिनिटं

गाडी लावण्याची जागा, कोन, वाहतूक अडवणं हे सगळं नेहमीसारखंच. हेल्मेटची काच खाली, डोळ्यांना गॉगल, हातमोजे आणि बाह्या पूर्ण. उन्हाळ्यात समृद्धीवर दुपारी हे अंगावर चढवणं म्हणजे शिक्षा आहे, पण एअरबॅगचा पहिला मार तोंडावर बसतो.

मग दोन माणसं, दोन फेऱ्या. एक जण गाडीला लागून फिरतो, दुसरा लांबून उलट्या दिशेने. जवळच्याने पाहायचं ते माणसं, एअरबॅग, इंधनाची गळती आणि गाडीचा तोल. लांबच्याने पाहायचं ते बाहेर फेकली गेलेली माणसं, विजेच्या तारा, उतार. या फेरीत कुणीही आत हात घालायचा नाही. जखमीशी बोलायचं ते समोरून, त्याला मान न वळवता दिसेल अशा जागी उभं राहून.

गाडी कशावर चालते हे याच फेरीत ठरवा. सीएनजीचा स्टिकर मागच्या काचेवर शोधा, वास घ्या, डिकीकडून येणारा फुसफुस आवाज ऐका. टाटाच्या काही गाड्यांत डिकीच्या तळाखाली दोन छोट्या टाक्या असतात, त्यामुळे डिकी मोकळी दिसली म्हणून सीएनजी नाही असं समजू नका. हिरवी नंबरप्लेट म्हणजे इलेक्ट्रिक. पण हायब्रिडची प्लेट साधीच असते! तिथे मागच्या दारावरची अक्षरं वाचा. नारिंगी केबल दिसली तर तिला शिवायचंही नाही.

त्यानंतर गाडी बांधून घ्या : चाकांना पाचर, खाली लाकडी ठोकळे, हँडब्रेक. उगाच हलणारी, आदळणारी गाडी जखमीसाठी वाईट आणि टकरीच्या सेन्सरसाठीही.

मोजणी

या कामातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा भाग हाच, आणि त्याला यंत्र लागत नाही. गाडीत किती एअरबॅग आहेत, किती उघडल्या, किती शिल्लक आहेत हे मोठ्याने बोलून मोजायचं. ‘‘स्टेअरिंग उघडली. पॅसेंजर शिल्लक. उजवा पडदा शिल्लक, डावा पडदा शिल्लक. सीटच्या दोन्ही शिल्लक.’’ तांडेलने, म्हणजे पथकाच्या म्होरक्याने, हे मार्करने पुढच्या काचेवर लिहून ठेवावं. पाच मिनिटांनी येणाऱ्या जवानाला आणि १०८ च्या डॉक्टरांना वेगळं सांगावं लागत नाही.

ओळखायचं कसं? एअरबॅग जिथे असते तिथे बहुधा ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. स्टेअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डची डावी बाजू, पुढच्या आणि मधल्या खांबांचं प्लॅस्टिक, पुढच्या सीटच्या पाठीची दाराकडची कड, स्टेअरिंगखाली गुडघ्यांसमोरचं पॅनल, सगळीकडे टॉर्च मारून वाचा. सीटवरचा लहानसा कापडी टॅग चटकन दिसत नाही. त्यात आपल्याकडे गाडी शोरूममधून निघाली की पहिलं काम सीट कव्हर चढवण्याचं. टॅग त्याच्याखाली जातो. कव्हर दिसलं की दाराकडची कड चाचपू नका, कव्हर कापून डोळ्यांनी पाहा. अक्षरं सापडली नाहीत म्हणजे एअरबॅग नाही, असंही नाही.

न उघडलेल्या एअरबॅग जास्त कुठे सापडतात, याचेही काही अंदाज आहेत. गाडी उलटली, मागून धडक बसली किंवा बाजूने ठोकली गेली तर पुढच्या एअरबॅग बहुतेकदा शाबूत राहतात, कारण त्या समोरून होणाऱ्या टकरीसाठी असतात. ट्रकच्या मागच्या बाजूखाली घुसलेली कार हा आपल्या महामार्गांवरचा नेहमीचा आणि सर्वांत फसवा प्रकार. तिथे बंपर ट्रकखालून निसटतो, मार बसतो तो काच आणि छताला, आणि सेन्सरना अपेक्षित झटका मिळतोच असं नाही. छप्पर चेपलं आहे, माणूस गंभीर आहे आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग जिवंत आहेत, असं दृश्य तिथे दिसू शकतं.

बंपरपुढे लावलेला लोखंडी बुलगार्डही तसाच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं. तरी ते अजून दिसतात. टकरीचा झटका बुलगार्ड वाटेतच बदलतो आणि एअरबॅग उशिरा उघडते किंवा उघडतच नाही. बुलगार्ड दिसला की मोजणी दोनदा करा.

आणि डॅशबोर्डवरचा गणपती. पॅसेंजर एअरबॅगच्या झाकणावर दुतर्फा टेपने चिकटवलेली मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाइल स्टँड. झाकण उघडलं तर यातली प्रत्येक वस्तू गोळीसारखी सुटते. बॅटरी काढून झाल्यावर, बाजूने हात घालून ती वस्तू काढा. मूर्ती नातेवाइकांच्या हाती द्या. घाईतही एवढं करता येतं.

एक फूट, दोन फूट, तीन फूट

न उघडलेल्या एअरबॅगपासून किती लांब राहायचं याचं जर्मन अग्निशमन दलांचं सूत्र ३०-६०-९० आहे. बाजूच्या एअरबॅगपासून ३० सेंटिमीटर, चालकाच्या एअरबॅगपासून ६०, पॅसेंजरच्या एअरबॅगपासून ९०. अमेरिकेतलं ५-१०-२० इंचांचं सूत्र त्याहून सैल आहे. मी जर्मन आकडे धरतो, कारण ते आपल्याकडे सहज लक्षात राहतात : बाजूला एक फूट, स्टेअरिंगला दोन फूट, पॅसेंजरला तीन फूट. पॅसेंजरची पिशवी सर्वात मोठी असते, कारण डॅशबोर्ड त्या माणसापासून लांब असतो.

हे अंतर फक्त आपल्या डोक्यासाठी नाही. हातातली पहार, कटर, ऑक्सिजनचा मास्क, जखमीच्या छातीपुढे धरलेला लाकडी बोर्ड, हे सगळं त्या अंतराच्या बाहेर हवं. जिवंत एअरबॅगच्या तोंडासमोर धरलेला बोर्ड ढाल होत नाही, तो जखमीच्या अंगावर आदळतो. काच फोडताना वापरायचं संरक्षण मऊ असू द्या : जाड चादर किंवा ब्लँकेट.

जखमीची मान धरायला कुणी आत बसणार असेल तर त्याने मागच्या दाराने जावं, मागच्या सीटवर बसावं आणि डोकं गाडीच्या मध्याकडे ठेवावं. खिडकीतून वाकून, आपलं डोकं जखमी आणि छताची कड यांच्यामध्ये घालणं ही सर्वांत वाईट जागा. पडदा एअरबॅग तिथूनच खाली येते.

काही पथकांकडे स्टेअरिंगवर ओढून बसवायचं कापडी कव्हर असतं. ते बसवतानाच आपण धोक्याच्या अंतरात जातो, हे विसरू नये. वापरायचं असेल तर सराव इतका हवा की बाजूने, हात लांब करून काही सेकंदांत बसलं पाहिजे. दोरीने, पट्ट्याने एअरबॅग बांधून ठेवण्याचे घरगुती प्रयोग नकोत.

बॅटरी : आधी काय, मग काय

बॅटरी काढण्याची घाई सगळ्यांना असते. पण एकदा वीज गेली की पॉवर विंडो, पॉवर सीट, सेंट्रल लॉक, डिकीचं बटण, सगळं बंद. त्यामुळे आधी या गोष्टी उरका. काचा खाली करा, लॉक उघडा, डिकी उघडा, जखमीला त्रास होणार नसेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर सीट मागे घ्या. हे सारं करताना हात बाजूने, डोकं अंतराबाहेर. वर सांगितलेला सीएनजीचा वास येत असेल तर मात्र हा क्रम मोडतो. विजेचं कुठलंही बटण दाबायचं नाही. आधी दारं-डिकी हाताने उघडून वारा खेळू द्या आणि टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करा. बॅटरीचा पट्टा काढतानाही ठिणगी पडते, म्हणून वायू विरेपर्यंत तिलाही हात लावू नका.

पुढचा क्रम असा.

१. हॅझर्ड लाइट चालू करा. हे लुकलुकणारे दिवे पुढे साक्षीदार म्हणून कामी येतात.

२. इग्निशन बंद करा. किल्ली असेल तर काढा. बटण-स्टार्ट गाडी असेल तर किल्ली शोधून गाडीपासून लांब न्या, पाच मीटर तरी. ती बरेचदा जखमीच्या खिशात किंवा पर्समध्ये असते. किल्ली ज्याच्याकडे दिली त्याचं नाव तांडेलला माहीत हवं. लायटरच्या सॉकेटला लावलेले चार्जर, इन्व्हर्टर ओढून काढा.

३. बॅटरी शोधा. बहुतेक लहान गाड्यांत ती बॉनेटखाली असते. काही महागड्या गाड्यांत ती डिकीत किंवा सीटखाली असते आणि बॉनेटखाली नुसतंच टर्मिनल असतं. हायब्रिड-इलेक्ट्रिकमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. एअरबॅग चालते ती या छोट्या बॅटरीवर.

४. आधी उणे, मग अधिक. कारण साधं आहे. गाडीची सगळी बॉडी उणेला जोडलेली असते. अधिकचा नट सोडवताना पाना निसटून पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी पडते. उणे आधी काढलं असेल तर काहीच होत नाही. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना चालतो, तो रेस्क्यू किटमध्ये हवाच.

५. नट निघत नसेल तर वायर कापा, पण दोन ठिकाणी, आणि मधला तुकडा काढून टाका. एकच काप दिला तर तार परत वळून चिकटू शकते. उरलेली टोकं टेपने झाका.

६. आता हॅझर्डकडे पाहा. विझले? मग वीज गेली. अजून लुकलुकताहेत? मग दुसरी बॅटरी कुठेतरी आहे, किंवा कापलेली वायर चुकीची होती.

७. थांबा. कंट्रोल युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी गेल्यावरही एअरबॅग पेटवण्याइतकी वीज काही काळ राहते. किती काळ, हे गाडीवर अवलंबून आहे. टोयोटाच्या बचाव-मार्गदर्शिका ९० सेकंद सांगतात, होंडाच्या ३ मिनिटं. गाडी ओळखता येत नसेल तर जास्तीचं धरा. ही मिनिटं वाया जात नाहीत, पुढची पायरी यातच होते.

बॉनेट इतकं चेपलं आहे की बॅटरीपर्यंत हातच पोचत नाही, असंही होतं. तेव्हा काम थांबवू नका, पण गाडी शेवटपर्यंत जिवंतच समजा. अंतर काटेकोर पाळा आणि कोण कुठे उभा आहे हे सतत बोलून घ्या. बॅटरी निघाली तरी दाबाची नळी आणि दारूची कुपी तिथेच आहे. अगदी जुन्या काही व्होल्वोंमधल्या बाजूच्या एअरबॅग तर यांत्रिक पद्धतीच्या होत्या, त्यांना बॅटरी काढल्याने काहीच फरक पडत नाही.

अस्तर उचका, मग कापा

छत काढायचं असेल किंवा खांब कापायचा असेल तर त्याआधी आतलं प्लॅस्टिक काढा. चपटा स्क्रूड्रायव्हर किंवा छोटी पहार पुरे. पुढच्या खांबाचं कव्हर, छताच्या कडेचं अस्तर, मधल्या आणि मागच्या खांबाचं प्लॅस्टिक उचकायचं आणि टॉर्चने आत पाहायचं. हे एका खांबाला अर्ध्या मिनिटाचं काम आहे. इतकं होऊनही सर्वांत जास्त टाळलं जातं ते हेच, कारण बाहेर नातेवाईक ओरडत असतात, गर्दी मोबाइल घेऊन उभी असते आणि नुसतं प्लॅस्टिक सोलणारा जवान लोकांना रिकामटेकडा वाटतो.

शोधायची ती धातूची नळी. साधारण वीतभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड. ती कुठल्या गाडीत पुढच्या खांबाच्या माथ्याशी असते, कुठल्या गाडीत मधल्या खांबाच्या वर, कुठे मागच्या खांबात. कंपनी बदलली की जागा बदलते, कधी मॉडेलच्या नव्या आवृत्तीतही बदलते. म्हणून पाठांतर कामाचं नाही. सापडली की दोन्ही टोकांना खडूने किंवा रंगाने खूण करा आणि कापणाऱ्याला बोट ठेवून दाखवा. काप त्या खुणांच्या बाहेरून. नळीपासून निघालेली दुमडलेली कापडी पट्टी मात्र पत्र्याबरोबर कापली तरी चालते.

पिवळ्या रंगाचे कनेक्टर आणि त्यांच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्या कापू नका, ओढू नका, त्यांना टेस्टर लावू नका.

गाडीत एअरबॅग आणि नळ्या कुठे आहेत हे दाखवणारे नकाशे, म्हणजे बचावपत्रिका, काही युरोपीय गाड्यांसाठी मिळतात. जर्मनीतल्या एडीएसी या वाहनचालक संघटनेने बचावपत्रिका चालकाच्या सनव्हायजरमागे ठेवायची मोहीम चालवली होती, आणि गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेचं ‘युरो रेस्क्यू’ अ‍ॅप आता अशा हजारो पत्रिका फुकट देतं. फोनवर उतरवून ठेवा, महामार्गावर रेंज मिळेलच असं नाही. वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथलं स्टेअरिंग बहुधा डावीकडे असतं, म्हणजे चालकाच्या एअरबॅग उलट्या बाजूला समजायच्या, आणि भारतात विकली जाणारी त्याच नावाची गाडी आतून वेगळी असू शकते. नकाशा हाताशी असला तरी प्लॅस्टिक उचकायचंच.

कापताना, ओढताना

दार बिजागरीच्या किंवा लॉकच्या बाजूने फाडताना स्प्रेडरची, म्हणजे फट रुंदावणाऱ्या हायड्रॉलिक हत्याराची टोकं सीटच्या पाठीला टेकणार नाहीत असं पाहा, तिथे सीटची एअरबॅग असते. मधला खांब कापताना अगदी तळाशी जाऊ नका, तिथे प्रिटेन्शनर असतो. त्याच्या वरून कापा. सीटबेल्ट शक्यतो लवकर कापून टाका, पण उलट्या गाडीत लटकलेल्या माणसाचा भार आधी खांद्यावर घ्या आणि मग कात्री लावा.

डॅशबोर्ड रॅमने, म्हणजे हायड्रॉलिक दट्ट्याने ढकलताना रॅम मधल्या बोगद्यावर, म्हणजे पुढच्या दोन सीटांमधल्या उंचवट्यावर टेकवू नका. बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढे, त्या बोगद्यावरच एअरबॅगचं कंट्रोल युनिट बसवलेलं असतं. रॅमचा आधार मधल्या खांबाच्या तळाशी, बाजूच्या उंबऱ्यावर घ्या. स्टेअरिंगची कडी कापायची वेळ आली तर कडीच कापा, मधल्या भागाला हात नको. तिथे ड्रिल नको, हातोडा नको, उष्णता तर मुळीच नको.

इथे एक अप्रिय विषय. बचाव पथक पोचायला वेळ लागला की शेजारच्या गॅरेजमधून कुणीतरी गॅस कटर किंवा ग्राइंडर आणतो, आणि हायड्रा क्रेन असेल तर साखळी लावून स्टेअरिंग ओढायची तयारी होते. हेतू चांगला असतो, कायदाही मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ त्यासाठीच आहे. पण ज्वाला आणि ठिणगी इन्फ्लेटरजवळ गेली की तो विजेशिवाय पेटतो, आणि सीएनजी गळत असेल तर पुढचं बोलायलाच नको. कारवर गॅस कटर नाही, हा नियम गावातल्या गॅरेजवाल्यांना आधीच, शांत वेळी जाऊन सांगून ठेवा. हायड्राचा उपयोग ट्रक मागे ओढायला करा, तोही कार बांधून, बॅटरी काढून झाल्यावर.

गाडी पेटली असेल तर

आगीत एअरबॅगचे इन्फ्लेटर आपोआप पेटतात. साधारण दीडशे-दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास ते पेटावेत अशी सोयच केलेली असते, म्हणजे कवच तापून फाटण्याआधी ते मोकळे होतात. बाहेर त्याचे फटाक्यासारखे आवाज येतात. दाबाच्या नळ्या, डिकी आणि बॉनेटचे गॅस शॉकअप, काही गाड्यांतले बंपरचे शॉकअप हेही फुटून दांड्यासारखे बाहेर येऊ शकतात. म्हणून जळत्या गाडीकडे समोरून किंवा मागून सरळ जायचं नाही. कोपऱ्याकडून, तिरकं, लांबून पाण्याचा मारा करत जायचं. आग विझल्यावर आत माणूस नसेल तर घाई करू नका. न फुटलेली नळी अजून गरम असते. तिच्यावर पाणी चालू ठेवा.

उघडल्यावर

काम चालू असताना एखादी उघडलीच, तर मोठा आवाज होतो आणि पांढरा ढग पसरतो. हा धूर नाही, बहुतांशी भुकटी असते. ती पाहून कुणी पाण्याची धार आत सोडू नये, जखमी आत आहे. भुकटीने डोळे आणि घसा चुरचुरतो, दमेकऱ्याला त्रास होतो. जखमीच्या चेहऱ्यावरून ती ओल्या कापडाने पुसा, दारं उघडी ठेवा. आपले हातमोजे डोळ्यांना लावू नका. पिशवीमागचा धातू काही मिनिटं चटका देईल इतका तापलेला असतो. जखमीच्या हातावर-गालावर घासल्याच्या किंवा भाजल्याच्या खुणा दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत हे १०८ च्या डॉक्टरांना सांगा, म्हणजे त्यांना कारण शोधत बसावं लागणार नाही. एक उघडली म्हणून मोजणी संपत नाही. काचेवर लिहिलेलं पुसून नव्याने लिहा.

गाडी सोपवताना

माणसं निघाली, रुग्णवाहिका गेली, की सगळे दमलेले असतात आणि गाडी क्रेनच्या माणसाच्या ताब्यात जाते. त्याला किती एअरबॅग शिल्लक आहेत हे तोंडी सांगा आणि पंचनामा करणाऱ्या पोलिसांना लिहून द्या. स्टेअरिंगवर आणि डॅशबोर्डवर टेप लावून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘एअरबॅग शिल्लक, बॅटरी जोडू नये’ असं लिहा. नंतर पोलीस ठाण्याच्या आवारात कुणीतरी काच वर करायला, स्टिरिओ काढायला किंवा नुसता मोबाइल चार्ज करायला बॅटरीचा पट्टा परत लावतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ती पट्टी हवी. बॅटरीच्या वायरचा कापलेला तुकडा आपल्या व्हॅनमध्येच न्या. तो गाडीत पडलेला असला की कुणीतरी तो परत जोडून पाहतोच.